दमला असशील

१

प्रवासात नकाशा बोदिलकडे आणि पाठपिशवी प्रेबेनकडे, ही वाटणी त्यांच्या लग्नाइतकीच जुनी होती. ती बदलायचं कारणही कधी पडलं नव्हतं, कारण प्रेबेनला दिशा म्हणून कळत नसे. खिळे आणायला बाहेर पडलेला हा माणूस एकदा दीड तासाने पार दीपगृहापाशी सापडला होता, तोही खिळ्यांशिवाय. शाळेत पोरांना सुतारकाम शिकवण्यात त्याचा जन्म गेला. लाकडाच्या रेषा त्याला डोळे मिटून कळत. रस्त्यांच्या मात्र उघड्या डोळ्यांनीही कळत नसत.

बोदिल सुईण होती. डेन्मार्कमधल्या फ्रेडरिक्सहाउन आणि आसपासच्या गावांतली दोन हजारांवर पोरं तिने या जगात ओढून आणली होती. त्या कामाने तिला एक खोड लागली होती. खोलीत पाऊल टाकलं की खोली तिची. कुणी कुठे उभं राहायचं, कुणी गप्प बसायचं, जोर कधी लावायचा, सगळं तीच ठरवणार. गेल्या जूनमध्ये प्रेबेनच्या छातीवर शस्त्रक्रिया झाली, तेव्हापासून घरातही तेच सुरू होतं. गोळ्यांचा तक्ता फ्रिजवर. मिठाची बरणी वरच्या फळीवर. रोज सकाळी फिरायला जायचं, आणि किती पावलं झाली ते परत आल्यावर सांगायचं. प्रेबेन सांगायचा. चार पायऱ्या चढला की त्याला धाप लागे आणि तो कठड्याला धरून उभा राही. बोदिल घड्याळ बघत राही.

त्यांच्या मुलीने, सिग्नेने, दोघांना तीन दिवसांची सुट्टी भेट दिली ती यावरूनच. "आई," ती म्हणाली होती, "तीन दिवस बाबांना पेशंट समजू नकोस. नवरा समज. जमेल?"

"प्रयत्न करते," बोदिल म्हणाली, आणि तक्त्याची घडी करून पर्समध्ये टाकली.

मे महिन्यातल्या एका लख्ख सकाळी दोघं बोटीने निघाले आणि दुपारच्या सुमाराला पलीकडे स्वीडनमध्ये, गोथेनबर्गला उतरले. भोवती डेन्मार्कमधल्या स्वस्त बिअरची खोकी ढकलगाड्यांवर बांधून घरी परतणारे स्वीडिश लोक होते. "बघ, यांच्या देशात पाणी नाही वाटतं," प्रेबेन मोठ्याने डॅनिशमध्ये म्हणाला, आणि एक म्हातारा स्वीडिश गृहस्थ हसला. सगळं नेहमीसारखं होतं. आयुष्यात दोघांनीही या शहरात पाऊल ठेवलं नव्हतं. समोरच्या किनाऱ्यावर राहणाऱ्यांचं असंच होतं. कधीही जाता येतं म्हणून कधीच जाणं होत नाही.

धक्क्याबाहेर वारा होता. बोदिलने कोपऱ्यावर थांबून नकाशा उघडला, वाऱ्याने तो तोंडावर मारला, तिने तो सरळ केला आणि मान वर केली. प्रेबेन शेजारी नव्हता. तो ट्रामचे रूळ ओलांडून पलीकडे पोचलाही होता.

"अरे, कुठे निघालास?"

"इकडून जवळ पडतं," तो मागे न बघता म्हणाला.

दोन इमारतींच्या मधल्या बोळातून, कुणाच्या तरी सायकली लावलेल्या अंगणातून, एका लाकडी फाटकातून तो तिला घेऊन गेला. फाटकाची कडी आतून होती. त्याने वरून हात घालून ती उघडली. आणि दोघं बाहेर पडले ते थेट त्यांच्या हॉटेलच्या दारात.

"आंधळ्याच्या गाई देव राखतो म्हणतात, ते खोटं नाही," बोदिल म्हणाली.

प्रेबेन हसला. तिने नकाशात पाहिलं. तो बोळ नकाशात नव्हता. बोळ काही सगळेच नकाशात नसतात, असं तिने स्वतःला सांगितलं, आणि ते खरंही होतं.

२

सामान टाकून दोघं 'हागा' नावाच्या जुन्या भागात कॉफी प्यायला गेले. तिथले दगडी रस्ते आणि लाकडी घरं बघायला सगळेच जातात, त्यात नवल नव्हतं. नवल पुढे होतं. रस्त्यावर सहा-सात कॅफे होते, बाहेर ताटाएवढे दालचिनीचे पाव मांडलेले. प्रेबेनने त्यांतल्या एकाकडेही पाहिलं नाही. तो एका आडगल्लीत वळला, दोन पायऱ्या उतरला, खालच्या चौकटीपाशी डोकं वाकवलं आणि आत गेला. बोदिलचं डोकं त्याच चौकटीवर आपटलं. ती त्याच्यापेक्षा वीतभर बुटकी होती.

आत पांढऱ्या केसांची एक जाडजूड बाई काउंटर पुसत होती. तिने प्रेबेनकडे पाहिलं आणि काही न विचारता वेलचीचा एक पाव बशीत ठेवला, वरची साखर सुरीने खरवडून काढली, आणि कपात काळी कॉफी ओतली.

"खिडकीजवळची जागा ठेवलीय," ती म्हणाली. मग बोदिलकडे वळून, परक्या गिऱ्हाईकाशी बोलावं तशी म्हणाली, "आणि तुम्हाला काय देऊ?"

बोदिलने कॉफी मागितली. दूध घालून, प्रेबेन घरी घेतो तशी. टेबलाशी आली तर तो काळी कॉफी घोट घोट पीत बाहेर बघत होता.

"तुला काळी कॉफी कधीपासून चालायला लागली?"

"अं? चांगली आहे की."

"आणि ही बाई तुला ओळखते कशी?"

"ओळखते?" त्याने खरोखरच आश्चर्याने विचारलं. "दुकानदार आहे. सगळ्यांशीच गोड बोलते."

"माझ्याशी नाही बोलली. खरं सांग, इथे दुसरं बिऱ्हाड थाटलंयस का? तसं असेल तर तिलाच दे तुझ्या गोळ्यांचा तक्ता. मी सुटले."

प्रेबेन हसला. पण जरासा उशिराने. दुसऱ्या खोलीतून कुणी विनोद सांगावा आणि तो इथवर यायला वेळ लागावा, तसा.

बोदिलने डोकं चालवलं. डोकं चालवण्याचाच तिला आधार असे. या बाजूला प्रेबेनसारखे दिसणारे लोक पैशाला पासरी असणार. उंच, वाकलेले, करडी दाढी. त्या बाईने माणूस ओळखण्यात चूक केली. साखर कमी खायला तर डॉक्टरांनीच सांगितलंय. फाटकाची कडी तर कुठल्याही सुताराला उघडता येईल. प्रत्येक गोष्टीला एकेक कारण होतं आणि प्रत्येक कारण पटण्याजोगं होतं. फक्त ती सगळी एकाच दुपारी एकाच माणसाच्या वाट्याला का यावीत, याचं कारण तिला सापडेना.

३

कालव्याच्या कडेने मासळीबाजाराकडे जाताना ती त्याच्या दोन पावलं मागे राहिली. मुद्दामच. तिला त्याला बघायचं होतं.

तो ताठ चालत होता. एक दगड उखडलेला होता, तो त्याने खाली न बघता ओलांडला. ट्राम वळणावर किंचाळली तेव्हा सगळे दचकले, तो दचकला नाही. ती किंचाळायच्या आधीच त्याने एक खांदा कानाशी उचलला होता. सायकलवरच्या एका माणसाने "काय, आज लवकर?" म्हणून हात केला. प्रेबेनने उत्तर दिलं, आणि बोदिल जागच्या जागी थांबली. ते उत्तर डॅनिश नव्हतं. तिच्या नवऱ्याला स्वीडिशमध्ये धड 'धन्यवाद' म्हणता येत नसे. तो डॅनिशच मोठ्याने बोले, समोरचा बहिरा असल्यासारखा. आणि आत्ता त्याच्या तोंडून या शहराचे वर-खाली झुलणारे सूर निघाले होते, इथल्या गोदीत जन्म काढलेल्या माणसासारखे.

"काय म्हणालास त्याला?"

"कुणाला?"

"आत्ता गेला त्याला, प्रेबेन!"

"चारला पोचायचंय म्हटलं."

"कुठे?"

त्याने तिच्याकडे पाहिलं. डोळ्यांत लबाडी नव्हती. कपाळावर एक आठी मात्र होती, ओठांवर आलेला शब्द आठवत नसावा तशी. "ते... चल ना. उशीर होईल," तो म्हणाला.

मासळीबाजारात तो कोळंबी बघत उभा असताना ती बाहेर आली आणि तिने सिग्नेला फोन लावला.

"सिग्ने, बाबा कधी गोथेनबर्गला आले होते? लग्नाआधी? कधी बोलले होते तुझ्याशी?"

"बाबा? एकटे? अगं, ते एकटे निघाले असते तर नॉर्वेला पोचले असते. का गं?"

"तो... नाही, तब्येत बरी आहे. खूपच बरी आहे. तासभर चालतोय आणि एकदाही थांबला नाही. धाप नाही, काही नाही. दुसराच माणूस वाटतोय."

सिग्ने हळूच म्हणाली, "मग छानच आहे की. आई, बाबा बरे होतायत तर तुला त्रास कसला होतोय?"

बोदिलने फोन ठेवला तरी तो प्रश्न राहिलाच. खरंच, कसला त्रास? अकरा महिने ती ज्याची वाट बघत होती तेच समोर चाललं होतं. गाल लाल, श्वास मोकळा, पाय तरुण. तिला आनंद व्हायला हवा होता. एखाद्या बाळंतिणीच्या खोलीत सगळं ठीक असावं, नाडी, रंग, आवाज, आणि तरी सुईणीचे हात आपोआप गार पडावेत, तसे तिचे हात गार पडले होते. अशा वेळी कारण सापडायची वाट बघायची नसते, हे ती नवशिक्या पोरींना शिकवत आली होती.

ती आत धावली. प्रेबेन कोळंबीपाशी नव्हता.

४

तो तिला चढावर दिसला, मास्टहुगेटच्या टेकडीकडे जाणाऱ्या रस्त्यावर. ती पळत होती, तो नुसता चालत होता, आणि तरी अंतर कमी होईना. दोन्ही बाजूंना त्या भागातली जुनी घरं होती. तळमजला दगडी, वरचे दोन लाकडी, पिवळे रंगवलेले. त्यांतल्या एका घरापाशी तो थांबला. दाराशेजारच्या बटणांवर त्याने चार आकडे दाबले. कुलूप सुटल्याचा आवाज झाला. दार मिटता मिटता बोदिलने बुटाचं टोक फटीत घातलं.

जिना स्वच्छ होता. ओल्या साबणाचा आणि उकडत्या बटाट्यांचा वास होता, शेपूचाही. भीती वाटावी असं तिथे काही नव्हतं. वरून प्रेबेनची पावलं ऐकू येत होती, एकसारखी, न अडखळणारी. बोदिल चढू लागली. दगडी तळमजला तो पहिला धरून, सवयीने मोजू लागली. पहिला मजला, दारात लहान मुलाची ढकलगाडी. दुसरा, दारात वर्तमानपत्र. तिसरा. तिथे कठड्याचा रंग बदलला. पावलं अजून वर चालली होती. ती आणखी एक जिना चढली आणि चौथ्या मजल्यावर आली.

तिथे एकच दार होतं आणि ते उघडं होतं.

आत अरुंद बोळ. भिंतीवर कोट अडकवायच्या खुंट्या. प्रेबेनने कोट काढून शेवटच्या खुंटीवर टांगला, बूट काढून भिंतीशी नीट लावले आणि खाली ठेवलेल्या सपातांमध्ये पाय सरकवले. बोदिलने त्या सपाता पाहिल्या. उजव्या सपातेला अंगठ्यापाशी फुगवटा आला होता. प्रेबेनच्या उजव्या अंगठ्याचं हाड बाहेर आलेलं आहे. त्याचे सगळे जोडे तिथेच फुगतात. वर्षं लागतात जोडा असा फुगायला.

"प्रेबेन," ती म्हणाली. आवाज तिला वाटला होता त्यापेक्षा लहान निघाला.

तो खोलीत गेला आणि खिडकीजवळच्या खुर्चीत बसला, जन्मभर तिथेच बसत आल्यासारखा. टेबलावर निळ्या काठाचे दोन कप पालथे ठेवले होते. उन्हाचा एक तुकडा फरशीवर पडला होता. स्वयंपाकघराचं दार अर्धवट लोटलेलं, आणि त्यामागे कुणीतरी होतं. किटलीचं झाकण वाजलं. चमचा ओट्यावर ठेवल्याचा आवाज आला. कुणीतरी गुणगुणत होतं. मग ते थांबलं.

"आलास?" आतून बाईचा आवाज आला. "बैस. दमला असशील."

किती साधा आवाज. त्यात माया होती, घाई नव्हती. प्रेबेनचे खांदे खाली आले. त्याने डोळे मिटले आणि त्याच्या चेहऱ्यावर असं काही समाधान पसरलं, की बोदिलला तिकडे बघवेना.

तो आवाज तिने कुठेतरी ऐकला होता. ओळखीच्या बायकांपैकी कुणाचा नव्हता. नर्सेसपैकी नाही, बहिणीचा नाही. मग तिला आठवलं. घरच्या फोनवर, कुणी उचललं नाही तर वाजणारा तो निरोप. 'आम्ही घरी नाही. नाव आणि नंबर सांगा.' तो ऐकताना ती दरवेळी म्हणायची, शी, हा माझा आवाज आहे? असा आहे माझा आवाज?

५

बोदिलला पळावंसं वाटलं, हे सांगायलाच हवं. ती भित्री नव्हती, पण दगडाचीही नव्हती. तिचं डोकं अजून कारणं शोधत होतं: कुणी चेष्टा करतंय, मला चक्कर आलीय, बोटीवर काही खाण्यात आलं. आणि त्या सगळ्या कारणांच्या खालून एक वेगळीच गोष्ट वर येत होती, तिची लाज वाटावी अशी. आतली बाई जे बोलली होती, ते बोदिल अकरा महिन्यांत एकदाही बोलली नव्हती. गोळी घेतलीस का, हे रोज विचारलं. किती पावलं झाली, हे रोज विचारलं. दमलास का, हे नाही.

"प्रेबेन, ऊठ," ती म्हणाली.

तो उठला नाही.

"प्रेबेन! बूट घाल आणि चल."

"बसू दे गं त्याला," आतला आवाज म्हणाला. तक्रार नाही, राग नाही. एका बाईने दुसरीला समजुतीने सांगावं तसं. "तुलाही सुटल्यासारखं होईल."

कॅफेत बोदिल थट्टेत 'मी सुटले' म्हणाली होती, ते मनापासूनच म्हणाली होती, आणि कुणीतरी ते ऐकलं होतं.

मग भीतीच्या जागी संताप आला. आणि संताप आला की बोदिलचे हात गरम होत. ती स्वयंपाकघराच्या दाराकडे गेली नाही. बाळ अडलं की खोलीत कोण काय बोलतंय याकडे लक्ष द्यायचं नसतं. ज्याला बाहेर काढायचंय त्याला धरायचं. ती दुखरे गुडघे टेकून नवऱ्याच्या पायांशी बसली आणि तिने उजवी सपात धरून ओढली.

सपात निघेना. लोकर आणि कातडं, बस एवढंच होतं ते, पण त्याने पाय सोडला नाही. बोदिलने दोन्ही हात लावले, टाच मांडीवर घेतली, दात आवळले आणि ओढली. काहीतरी चिकट सुटावं तसा आवाज होऊन ती हातात आली. आतून ती ऊबदार होती. अस्तराला शेवाळासारखा ओलसर मऊपणा होता. बोदिलने ती बोळाकडे भिरकावली. मग दुसरी.

आत खुर्ची सरकली.

ती रांगत बोळात गेली, त्याचे बूट घेऊन आली, आणि लहान मुलाला घालावेत तसे त्याच्या पायांत घालू लागली. नाड्या हातात येईनात. आणि तिच्या तोंडून, कुणाला ऐकवायचं म्हणून नाही, नुसतंच, बाहेर पडायला लागलं.

"मी घाबरले होते रे. तुला आत नेलं तेव्हा दार लागलं, आणि मी बाहेर. आयुष्यात पहिल्यांदा मी दाराबाहेर उभी होते. तेव्हापासून घाबरलेलीच आहे. घड्याळ बघते ना मी, ते तुझ्याकडे बघायची छाती होत नाही म्हणून बघते. तक्ता म्हणे! खड्ड्यात गेला तक्ता..."

"बोदिल?" वरून आवाज आला. जाडसर, झोपेतला, त्यांच्या घरच्या उत्तर जटलंडच्या अस्सल डॅनिशमधला. "तू खाली काय करतेयस? तुझे गुडघे दुखतील."

तिने वर पाहिलं. त्याचे डोळे तिच्यावर होते. तिच्यावरच.

त्याच क्षणी स्वयंपाकघराचं दार उघडू लागलं. कडेला आधी चार बोटं आली, मग मनगट, मग कोपर. बोदिलच्या वेणीसारखीच राखाडी वेणी खांद्यावरून पुढे घेतलेली. आणि निळा लोकरी सदरा, बोदिलच्या अंगावर त्या क्षणी होता तोच, त्याच बाहीवर सकाळी बोटीत सांडलेल्या मोहरीचा डाग. चेहरा यायचा होता. बोदिलला आतून पक्कं कळलं, कसं ते तिला कधीच सांगता आलं नाही, की तो चेहरा एकदा पाहिला की दोघींपैकी कोण दारात उभी आहे आणि कोण जमिनीवर बसली आहे, हे पुन्हा ठरवावं लागेल.

तिने मान फिरवली. टेबलाची कड धरली आणि सगळ्या अंगाने ते उलथवलं. निळ्या काठाचे कप फुटले. "जोर लाव!" ती ओरडली, दोन हजार वेळा ओरडली होती तशी, आणि प्रेबेन, बिचारा, काही न कळता, बुटांच्या नाड्या लोंबत, उठून उभा राहिला.

जिन्यात ती त्याला दंडाला धरून खेचत होती. मागून पावलं नव्हती. फक्त आवाज होता, आणि दोघं कितीही उतरले तरी तो एक जिना वरच होता.

"दमला असशील."

तिसऱ्या मजल्यावर प्रेबेन अडखळला. त्याच्या छातीतून शिट्टीसारखा आवाज आला. त्याला धाप लागली होती. अकरा महिने ज्या आवाजाने तिची झोप उडवली होती, तोच आवाज आज तिला देवळातल्या घंटेसारखा वाटला.

"दमला असशील," वरून आलं.

"दमलाय!" बोदिल जिन्याच्या पोकळीत तोंड वर करून गरजली. भिंती घुमल्या. "दमलाय तो! दमू दे! माझ्याबरोबर दमू दे! तुझी कॉफी तूच पी!"

दुसऱ्या मजल्यावर वर्तमानपत्राचं दार उघडून एका म्हाताऱ्याने बाहेर डोकावलं. "बाई, काय झालं?" त्याने विचारलं.

"काही नाही. आम्ही बाहेर निघालोय," ती म्हणाली. आणि दोघं बाहेर पडले.

६

रस्त्यावर ऊन होतं. समोरच्या फुटपाथवर दोन बायका कुत्र्यांना फिरवत होत्या. बोदिलने मागे वळून घराकडे पाहिलं, मोजलं, पुन्हा मोजलं. एक दगडी, दोन लाकडी. त्यावर कौलं. चौथा मजला नव्हता. असायला जागाच नव्हती.

प्रेबेन घराच्या पायरीवर बसून श्वास गोळा करत होता. तो बिनकोटाचा होता. कोट वरच राहिला होता. तिने आपला मफलर काढून त्याच्या गळ्याभोवती गुंडाळला आणि शेजारी बसली. घड्याळाकडे पाहिलं नाही.

"दमलास?" तिने विचारलं.

त्याने चमकून तिच्याकडे पाहिलं. मग मान हलवली. "खूप," तो म्हणाला, आणि थोड्या वेळाने, "आपण कुठे आहोत गं?"

"मलाही नक्की ठाऊक नाही."

"मग झालं आपलं कल्याण," प्रेबेन म्हणाला. आणि हसला. या वेळी लगेच.

मासळीबाजारापासून पुढचं त्याला फारसं आठवत नव्हतं. कुणीतरी हाक मारत होतं, म्हणाला. घरून हाक यावी तशी. "मला वाटलं, तूच." बोदिलने त्याचा हात नुसता धरून ठेवला.

मग दोघं टेकडीवरच्या चर्चकडे निघाले. प्रेबेननेच म्हटलं, इतकं चढलोय तर वर जाऊ. पाच मिनिटांच्या चढाला त्यांना अर्धा तास लागला. तो दर वीस पावलांवर थांबला, आणि दर वेळी तीही थांबली. एका कुंपणापाशी, एका लायलॅकच्या झाडाखाली, एका अनोळखी माणसाच्या बाकावर. त्या अर्ध्या तासात दोघं अकरा महिन्यांचं बोलले. ऑपरेशनच्या आदल्या रात्री तो किती घाबरला होता, ते त्याने सांगितलं. तिने ऐकून घेतलं.

वर वारा नुसता पिसाट होता. खाली नदी, क्रेन, बोटी, आणि लाल-पिवळ्या छपरांचं सगळं गाव उन्हात पसरलेलं. प्रेबेन कठड्याला धरून, मफलर फडफडत, लहान मुलासारखा बघत होता. बोदिलची नजर मात्र छपरं शोधत गेली. पिवळी घरं एका रांगेत उभी होती. त्यांतल्या एकावर, कौलांच्या वर, जिथे नुसतं आकाश असायला हवं होतं तिथे, एक खिडकी होती. खिडकीत कुणीतरी उभं होतं. राखाडी वेणी. निळं काहीतरी. इतक्या लांबून चेहरा दिसणं शक्य नव्हतं.

या वेळी बोदिलने नजर वळवली नाही. पाय फाकवून, कमरेवर हात ठेवून ती उभी राहिली आणि बघत राहिली. डोळ्यांत वाऱ्याने पाणी आलं तरी पापणी पाडली नाही. किती वेळ, ते तिने मोजलं नाही. शेवटी खिडकीतलं ते निळं हललं, मागे सरलं, आणि पडदा पडला. मग तिथे कौलं होती, कौलांवर एक समुद्रपक्षी बसलेला होता, आणि आकाश.

बोदिल मोठ्याने हसली. अशी हसली की शेजारच्या जर्मन कुटुंबाने वळून पाहिलं. तिने दोन्ही हात उंच करून त्या छपराच्या दिशेने हलवले.

"कुणाला हात करतेयस?" प्रेबेनने विचारलं.

"होती एक बाई. हरली."

"कशात?"

"सांगेन. आधी तुला कोट घ्यायला हवा. कुडकुडतोयस."

त्याने तिच्याकडे जरा निरखून पाहिलं. पस्तीस वर्षं संसार केलेल्या माणसाला न सांगितलेलंही थोडंफार कळतंच. "बोदिल," तो हलकेच म्हणाला, "हवं तर उद्या सकाळच्या बोटीने परत जाऊ. सिग्नेला सांगू, मला बरं नव्हतं."

"परत?" बोदिलने त्याच्या हातात हात अडकवला आणि त्याला उताराकडे वळवलं. "का म्हणून? तीन दिवसांसाठी आलोय, तीन दिवस राहणार. उद्या बागेत जाऊ, परवा बेटांवर. बाक दिसेल तिथे बसू. शहर काही तिच्या बापाचं नाही."